मेंढीची लेक

ग्रिगोरेचा उजवा हात बीच झाडाच्या ओंडक्याखाली सापडला तो ऐन थंडीत, आणि हात बरा होईस्तोवर मेंढ्या व्यायला लागल्या. शहरातल्या डॉक्टरनं बोटं जागेवर बसवून दिली, पण ती बसली ती बसलीच, पुन्हा उठली नाहीत. जिथं चमचा धरता येईना, तिथं मेंढीचा सड काय धरणार? बायको, फिरुत्सा, इटलीत एका म्हातारीची सेवा करायला गेलेली. घरात राहता राहिली पोरगी, इलिंका, शहरातल्या शाळेत नववीला जाणारी. सकाळी बस यायच्या आधी आणि संध्याकाळी बसमधून उतरल्यावर मेंढ्यांखाली तीच बसायला लागली.

मेंढी म्हणजे काही गाय नव्हे. गाय कुरकुरत का होईना, कोणालाही दूध देते. मेंढीच्या मनातून हात उतरला की ती पान्हा चोरते आणि वर तोंड करून रवंथ करत राहते. ह्या मेंढ्या फिरुत्साच्या हाताच्या. फिरुत्सा धार काढताना एक चाल गुणगुणायची. शब्द कधी असायचे, कधी नसायचे. पहिले काही दिवस इलिंका मुकाट्यानं बसली, तेव्हा बादलीचा तळसुद्धा भिजला नाही. मग तिनं आईची चाल धरली आणि मेंढ्यांनी कासा सैल सोडल्या. ग्रिगोरे दाराशी उभा होता. त्यानं डाव्या हातानं नाक पुसलं आणि तो मक्याचा घाटा ढवळायला आत निघून गेला.

वसंतात हे सगळं निभावणं भाग होतं, कारण पुढं मापाचा दिवस होता. त्या डोंगरातल्या गावांची रीतच तशी आहे. गवत वर आलं की घरोघरच्या मेंढ्या एका कळपात जमा होतात आणि धनगरांच्या हवाली होऊन उन्हाळाभर डोंगरावर जातात. जायच्या दिवशी ज्यानं त्यानं आपल्या मेंढ्यांची धार सगळ्या गावादेखत काढायची. त्या एका दिवशी ज्याच्या घरचं जेवढं दूध, त्याच मापानं त्याला उन्हाळाभर चीज मिळणार. घरच्याच माणसानं काढायचं, मजुराचा हात चालत नाही. त्या दिवशी हात आखडला तर हिवाळ्यात घाट्याबरोबर कांदा खायचा, दुसरं काय.

ईस्टरच्या सुट्टीत विसालोनची पोरगी बियांका मेंढवाड्याकडं पाहुणे घेऊन आली. विसालोनचं गावात पाहुण्यांसाठी मोठं घर होतं, चकाकत्या कौलांचं, आणि शहरातून आलेल्या पाहुण्यांना मेंढ्या बघायची हौस फार. बियांका आणि इलिंका एकाच वर्गात, एकाच बसमध्ये. बियांकानं फोन वर धरला, हसली आणि गेली. इलिंकानं मानही वळवली नाही, कारण धार चालू असताना मान वळवायची नसते.

सुट्टी संपून शाळा सुरू झाली, त्याच्या पुढच्या रविवारी चर्च सुटल्यावर ग्रिगोरे लुचिकाच्या दुकानी काडेपेटी घ्यायला गेला. दुकानात चार माणसं पळिंकाचे, म्हणजे फळांच्या कडक दारूचे, छोटे पेले हातात धरून उभी होती. लुचिका गल्ल्याआडून म्हणाली,

"या ग्रिगोरेदादा. पोरगी गाजली की तुमची."

"कशानं?"

"हे बघा. हजारो लोकांनी बघितलीया."

तिनं फोन पुढं केला. इलिंका मेंढीखाली बसलेली. ओठ हलत होते आणि मेंढ्या ओरडत होत्या. शेवटी तिच्या डोक्यावर मेंढीचे कान उगवले आणि नाक लांब झालं. खाली लिहिलं होतं, मेंढीची लेक. त्याखाली हसऱ्या तोंडांची रांगच रांग.

आता ज्याचा जन्म मेंढवाड्यात गेला त्याला ह्यात वावगं काय दिसणार? धार काढताना मेंढ्या ओरडणारच. नव्या वर्षाला गावची पोरं मेंढीचं कातडं पांघरून, कान लावून दारोदार नाचतात आणि ज्याचा मुखवटा चांगला त्याला जास्त खाऊ मिळतो. आणि मेंढीची लेक तर ग्रिगोरेच्या आईलाही म्हणत, कारण तिच्या हातानं मेलेलं कोकरू उठून बसायचं. हसरी तोंडं म्हणजे लोक खूश आहेत. ग्रिगोरेची छाती भरून आली.

"परत लाव," तो म्हणाला. परत लावलं. "आवाज मोठा कर की जरा." मोठा केला. चौघांना त्यानं आपल्या खर्चानं पेला भरून दिला. आपण गावच्या सरपंचापेक्षा मोठे झालो, असं त्याला त्या घडीला वाटलं. चौघेही पेल्यात बघत होते. एकाच्या मिशा थरथरल्या, पण फुकटची पळिंका पोटात गेलेली, तो तरी काय बोलणार.

तेवढ्यात इलिंका यीस्ट घ्यायला दारात आली.

"ये गं, ये," ग्रिगोरे म्हणाला. "ही बघा माझी पोर. हिची आई तिकडं परक्या मुलखात आन हिकडं हजारो लोक हिला बघत्यात. लुचिकाबाई, आनखी एकदा लाव."

इलिंका उंबऱ्यावर थांबली. दुकानात मेंढ्यांचा आवाज सुरू झाला. तिच्या मानेपासून कानापर्यंत रंग चढला आणि मग सगळाच उतरला. यीस्ट न घेताच ती मागं वळली.

"लाजती," ग्रिगोरे म्हणाला.

सोमवारी ती बसला गेली नाही. पोटात दुखतंय म्हणाली. मंगळवारीही दुखलं. मेंढ्यांखाली बसायची, पण गुणगुणायची नाही, आणि मेंढ्यांनी पुन्हा पान्हा चोरायला सुरुवात केली. बादली अर्धी येऊ लागली. ग्रिगोरेनं आधी गवताला दोष दिला, मग हवेला. घरात सगळीकडं व्हिनेगरचा वास येऊ लागला. एका दुपारी तो लाकडं घेऊन आला तर पोरगी परसात घमेल्यापुढं बसून राखेच्या पाण्यानं हात घासत होती. घोड्याला घासायचा ब्रश होता तो. बोटांच्या पेरांवर रक्त आलं होतं.

"काय चाललंय हे?"

"वास येतो."

"कसला?"

"मेंढीचा."

"मेंढीचा वास येतो म्हंजे काय? मग काय हत्तीचा येनार?"

ती हसली नाही. हातही थांबवले नाहीत. ग्रिगोरेनं ब्रश काढून घेतला, तेव्हा तिनं ओले हात पोटाशी धरले.

त्या संध्याकाळी फिरुत्साचा फोन आला. एरवी ती पोरीच्या फोनवर यायची, तोंड दाखवायची. आज ग्रिगोरेच्या जुन्या, बटणांच्या फोनवर आली.

"तुमी दुकानात सगळ्यांस्नी दाखवलं म्हनं."

"दाखवलं की. का दाखवू नये? तू बघितलंस का?"

"बघितलं. म्हातारीच्या नातीनं काढून दिलं. अवो, तिचा आवाज काढून टाकलाय त्यात. ती गात हुती. माझी चाल. ती पुसली आन तिथं मेंढीचं बँ बँ घातलंय. पोर तोंड उघडती आन मेंढी वरडती. तुमाला कळलं न्हाई?"

ग्रिगोरेनं फोन कानाशी आणखी घट्ट दाबला.

"ती वर्गात शिरली की सगळी पोरं बँ बँ करत्यात. बसमध्ये नाक धरत्यात. आन खाली काय काय लिवलंय ते मी तोंडानं सांगू शकत न्हाई. कुनी लिवलंय, ही मेली तर मेंढ्या तरी रडतील का. दुसरा म्हनतो, करून बघ की. रोज यितंय हे तिच्या फोनवर. रोज. तिला एकटी सोडू नका, पाया पडते तुमच्या."

फोन बंद झाल्यावर ग्रिगोरे बाकावर बसून राहिला. दुकानातला पळिंकाचा पेला त्याला आठवला. पोरीच्या बदनामीवर आपण गावाला दारू पाजली. त्याला स्वतःची अशी लाज कधी वाटली नव्हती, ओंडका हातावर पडला तेव्हाही नाही.

मग तो उठला आणि गाय-वासराच्या गोठ्यात गेला. भिंतीवरचे दोर काढले, माळ्यावरचा काढला, विहिरीचासुद्धा सोडला. एका हातानं गाठी सुटत नव्हत्या म्हणून दातानं सोडल्या. सगळा भारा त्यानं घोडागाडीवरच्या पेटीत कोंबला आणि तिच्यावर बसून राहिला.

इलिंका दाराशी आली.

"बाबा, दोर कुठं गेलं? वासरू कशानं बांधू?"

ग्रिगोरे पेटीवरून उठला नाही. पोरीनं पेटीकडं बघितलं, पेटीबाहेर लोंबणाऱ्या टोकाकडं बघितलं. मग ती खाली गवतावर बसली.

"आला हुता मनात," ती म्हणाली. "एकदा. मग मेंढ्यांची वेळ झाली."

"आता?"

"आता न्हाई. पन शाळंत जानार न्हाई."

"नगं जाऊस. माझं चुकलं, पोरी. मला वाटलं लोक तुझं कौतिक करत्यात. मी अडानी."

"तुमाला खरंच छान वाटलं हुतं?"

"लई छान. कान बी छान वाटलं."

पोरगी हसली की रडली हे त्याला कळलं नाही, पण खांदे हलले तिचे. दोर काही त्यानं दिला नाही. वासराला स्वतःच्या कमरेचा पट्टा बांधला आणि पुढं कितीतरी दिवस एका हातानं पॅन्ट सावरत हिंडला.

दुसऱ्या दिवशी तो विसालोनच्या घरी गेला. टोपी काढून पायरीशी उभा राहिला. विसालोन पाहुण्यांची खाट रंगवत होता.

"अरे, पोरांची थट्टा ती," विसालोन म्हणाला. "आपन लहानपनी काय कमी केलं? तूच माझ्या विजारीत बेडूक सोडलास."

"बेडूक म्या सोडला. सगळ्या जगानं न्हाई सोडला."

"बरं बाबा. बियांका, काढून टाक गं ते."

पोरगी आतून म्हणाली, "म्या कवाच काढलंय. बाकीच्यांनी घेतलंय ते, त्याला मी काय करू?"

"बघ, काढलंय," विसालोन म्हणाला आणि पुन्हा ब्रश रंगात बुडवला. ग्रिगोरे टोपी घालून परत आला. वाटेत त्याला कोणी हसलं नाही, तरी सगळे हसताहेत असं वाटत राहिलं, आणि पोर रोज बसमध्ये काय सोसत आली असेल ते त्याला थोडंसं कळलं.

मापाचा दिवस आला. आदल्या संध्याकाळीच कोकरं मेंढ्यांपासून तोडून खालच्या कुंपणात घातली होती. मेंढ्यांच्या कासा तटतटल्या होत्या, आणि वरून आया, खालून लेकरं अशी एकच ओरड चालली होती. इलिंका चुलीपाशी बसून होती.

"तू नगं येऊस," ग्रिगोरे म्हणाला. "सगळी पोरं आसनार तिथं. फोन घेऊन. मी काढतो डाव्या हातानं."

"येतंय तुमाला?"

"यील की."

गाव सगळं कुरणावर जमलं होतं. मेंढवाड्याच्या अरुंद दारांशी तिवया मांडलेल्या, मेंढी एकेक करून पुढं येणार आणि माणूस तिला धरून धार काढणार. मोठा धनगर ओनुत्स माप घेऊन उभा होता. ह्या माणसाला ना बायको, ना घर. मेंढीला मात्र तो ताई म्हणायचा. एका दाराशी विसालोन बसला, शेजारच्या दाराशी ग्रिगोरे. कुंपणावर पोरं ओळीनं बसली होती, सणाचे कपडे घालून, आणि बियांका मधोमध.

ग्रिगोरेनं डाव्या हातानं कास धरली. मेंढीनं पाय झाडला. पुन्हा धरली. चार थेंब आले आणि बाहीवर उडाले. मेंढी रवंथ करायला लागली. उजव्या हाताची मेलेली बोटं त्यानं कासेखाली घालून आधार द्यायचा प्रयत्न केला, तशी मेंढी सरळ त्याच्या पायावर उभी राहिली.

"चोरती रं," ओनुत्स हळूच म्हणाला. "हात वळखत न्हाई ती. ग्रिगोरे, मला मदत करता येत न्हाई, तुला ठाव हाय."

"ठाव हाय," ग्रिगोरे म्हणाला. कपाळाचा घाम डोळ्यात गेला होता आणि पुसायला हात मोकळा नव्हता. सबंध उन्हाळ्याचं चीज त्या दोन सडांमधून त्याच्या डोळ्यांदेखत आटत होतं.

"उठा बाबा."

त्यानं वर बघितलं. इलिंका होती. आईचा लोकरीचा एप्रन कमरेला, डोक्याला रुमाल, बाह्या कोपराच्या वर. हातांची सोललेली कातडी अजून भरून आली नव्हती. कुंपणावर फोन वर झाले, ते तिलाही दिसले.

"उठा. ती तिवई माझी हाय." मग तिनं स्वतःचा फोन त्याच्या डाव्या हातात दिला. "आईला बघायचंय. फिल्म चालू केलीया. नुस्तं धरून ठेवा."

ग्रिगोरे उठला आणि फोन छातीशी धरून उभा राहिला. पोरगी बसली. कपाळ मेंढीच्या कुशीला टेकवलं. ग्रिगोरेला वाटलं, आता ही उठणार आणि पळणार, आणि पळाली तर मी तिला बोल लावणार नाही. मग चाल सुरू झाली. आधी नुसती नाकातून, मग गळ्यातून. पहिली धार बादलीच्या तळावर वाजली.

आणि कुंपणावरून कोणीतरी "बँ" केलं.

दुसऱ्यानं केलं. मग सगळ्यांनीच, बारीक आवाजात, कोकरासारखं. वर्गात करत तसंच. पण हा वर्ग नव्हता. रात्रभर लेकरांपासून तोडलेल्या, कासा फुटायला आलेल्या आया तिथं उभ्या होत्या. त्यांना कोकरांचा आवाज खालून यायची सवय झाली होती, आता तो शेजारून आला. सगळा मेंढवाडा उलटा फिरला. मेंढ्या कुंपणाकडं धावल्या, एकमेकींच्या पाठीवर चढल्या. दारातल्या मेंढ्यांनी हिसके मारले. विसालोनच्या मेंढीनं त्याच्या गुडघ्यावर लाथ घातली. भरत आलेली बादली आडवी झाली आणि विसालोन दुधाच्या थारोळ्यात बसला. गावभरची माणसं ओरडायला लागली. ज्याची त्याची बादली, ज्याचा त्याचा हिवाळा.

"कोन ते?" ओनुत्स गरजला. "कुनाची कार्टी ती? दुधाच्या टायमाला कोकराचा आवाज काढतंय कोन?"

कुंपणावरची पोरं गप झाली. आपण काय केलं हे त्यांना कळलं, कारण शेवटी तीही मेंढ्यांच्याच गावची. फोन खाली आले. पण मेंढ्या थांबेनात.

इलिंकाची मेंढी मात्र जागची हलली नव्हती. पोरीनं कपाळ उचललं नाही, हातही थांबवला नाही. फक्त आवाज चढवला. आईची चाल आता शब्दांसकट येत होती, डोंगरावर गेलेल्या माणसाला लवकर ये म्हणणारी, मोकळ्या गळ्यानं, सगळ्या कुरणाला ऐकू जाईल अशी. आधी तिच्या मेंढ्या वळल्या. त्या वळल्या म्हणून शेजारच्या वळल्या. मेंढीची जातच तशी, एक गेली की सगळ्या जातात. हळूहळू ओरड उतरली आणि नुसतं गाणं राहिलं, आणि त्याच्याखाली धारांचा आवाज, एका बादलीत, मग दुसऱ्या बादलीत. ओनुत्सनं टोपी काढली होती. ती का काढली हे त्यालाही सांगता आलं नसतं.

विसालोन उठला. विजारीतून दूध गळत होतं. तो तरातरा कुंपणाकडं गेला आणि बियांकाला दंडाला धरून खाली ओढलं. हात वर गेला.

"मारू नका काका," इलिंका म्हणाली. मान वळवली नव्हतीच. "ती रडली की मेंढ्या परत बिथरतील."

विसालोनचा हात तसाच राहिला. मग खाली आला. इलिंकानं भरलेली बादली बाजूला सरकवली आणि पहिल्यांदाच बियांकाकडं बघितलं.

"रिकामी बादली दे."

बियांकानं बादली आणून दिली. पुढं मेंढ्या संपेपर्यंत रिकामी बादली द्यायला आणि भरलेली उचलायला तीच होती. सणाचे बूट शेणात घोट्यापर्यंत गेले, तरी ती हलली नाही.

ओनुत्सनं माप घातलं. काठी बुडवली, वर काढली, ओली खूण नखानं दाबून सगळ्यांना दाखवली.

"फिरुत्साच्या येळेपेक्षा बोटभर जास्त," तो म्हणाला. "कुनाची गं तू?"

त्याला ते पक्कं ठाऊक होतं. ही त्याची विचारायची रीत.

"मेंढीची लेक," इलिंका म्हणाली आणि एप्रनला हात पुसले. कोणी हसलं नाही. ग्रिगोरेला मात्र रडू आलं आणि त्यानं ते खुशाल येऊ दिलं.

संध्याकाळी फिरुत्साचा फोन आला, तोंड दाखवणारा.

"पाठवलंसा ते बघितलं," ती म्हणाली. "अवो, सगळा अंगठाच हाय तुमचा त्यात. पहिल्यापासून शेवटपातुर अंगठा."

"म्या नीट धरलं हुतं," ग्रिगोरे म्हणाला.

"अंगठा दिसतोय, आन मधी एकदा आभाळ. पन आवाज सगळा आलाय." मग ती पोरीला म्हणाली, "माझ्यापरीस उंच लावलास गं सूर. म्हातारीला ऐकवलं. तिला आपली भाषा कळत न्हाई, पन तिनं तीनदा लावायला लावलं."

रविवारी इलिंकानं ती फिल्म तिथंच टाकली, जिथं पहिली फिरत होती. नाव तेच दिलं. ग्रिगोरे तिच्या खांद्यावरून वाकून बघत होता. ह्या वेळी हसरी तोंडं दिसली तर आपल्याला काय समजायचं, हे त्यानं तिला आधीच विचारून ठेवलं होतं. थोड्या वेळानं खाली कोणीतरी लिहिलं, काहीच दिसत नाही ह्यात, नुसता कोणाचातरी अंगठा.

"माझा हाय म्हनून लिव," ग्रिगोरे म्हणाला.

तिनं लिहिलं, माझ्या बाबांचा आहे. मग विचार करून खाली आणखी एक ओळ घातली. बघू नका, ऐका.

सोमवारी ती बसच्या वेळेला निघाली. हात साध्या पाण्यानं धुतले होते. फाटकापाशी थांबून म्हणाली, "बाबा, वासराला दोर बांधा आता. आन तो पट्टा घाला कमरंला, लोक बघत्यात."

ग्रिगोरे पेटी उघडायला गेला.